पाचवी मेख

तो कुठे पोचला ते खालून कळतं, मातीच्या रंगावरून.
सकाळी डोक्यावर तपकिरी पडत होती,
दहानंतर काळजाच्या रंगाची,
आता वीटकरी, मैद्याइतकी बारीक,
पापण्यांत, दातांत, दोराच्या विणीत.
डेल्विन दिसत नाही. दोर दिसतो.
तासाला चार हात सरकतो, मग विचार करतो.

याला सुळका म्हणायचं ते नकाशापुरतं.
कुठल्याशा आटलेल्या समुद्राचा गाळ हा,
उभा वाळत घातलेला
आणि काढायचा राहून गेलेला.

नदीकाठच्या रस्त्यावर आर्विला टरबुजं विकते.
शुक्रवारी दुर्बिणीतून त्याच्याकडे बघत म्हणाली,
"वर कुणाकडे उधारी राहिलीय का तुमची?"

बोटं रोवायला इथे जागाच नाही.
म्हणून मेख ठोकायची, तिला पट्टीची शिडी टांगायची,
शिडीत एक पाय, मग हळूच उरलेला माणूस,
मग पुढची मेख.
ठोकणं कुणालाही जमेल.
खरी मेख तिच्यावर उभं राहण्यात आहे.

मी ऐकते.
ग्रँड जंक्शनला दातांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं झाली मला.
आरशाच्या दांडीने टिचकी मारली की कळतं
कुठला दात राहील, कुठला फक्त नाताळपर्यंत.
मेखेचंही तसंच:
आत शिरताना स्वर चढत गेला
तर खालच्याने निवांत सँडविच खावं.
पहिल्या चार बऱ्यापैकी गायल्या.
पाचवी मात्र ढब. ढब. ढब.
ओल्या पोत्यावर काठी मारावी तशी.
"कुजकी आहे ती!" मी ओरडले.
वरून थोडी माती आली. उत्तर असेल.

सहावी गायली. सातवी, आठवीसुद्धा.
नववी तर इतकी सुरेल
की मी पाण्याची बाटली उघडली.

आवाज आला तो कापड टरकल्याचा.
नववी, आठवी, सातवी, सहावी,
घाईत ओढलेल्या शर्टाची बटणं.
दोराने मला उचललं, भिंतीवर आपटलं,
आणि थांबलं सगळं.
धूळ मात्र सावकाश येत राहिली,
तिला काही झालं नव्हतं.

डेल्विन माझ्या डोक्यापासून हातभर वर, उलटा,
चष्मा एका कानाला लोंबणारा.
साठीचा माणूस, आठवडाभर लोकांचे पाइप जोडणारा.
"कितवीने धरलं?"
"पाचवीने."
आम्ही वर बघत राहिलो,
काहीच बोललो नाही.
ऐकलं असतं तिने.

मग तो पहिल्या चारांवरून पुन्हा चढला,
चौथीवर उभा राहिला,
पाचवीला दोन बोटं लावली.
निघून आली.
हातोडा कमरेलाच होता.
मागे खोबणीतून चमचाभर वाळू सांडली.

माझा कान बरोबर होता.
तिने धरलं, तेही खरं.
ही दोन वाक्यं एका श्वासात म्हणून पाहिली,
दवाखान्यात, गाडीत, रात्री उशीवर.
मध्ये कुठेतरी श्वास घ्यावाच लागतो.

शेंडा बारा मीटर वर राहिला.
राहू दे.

आर्विलाने टरबूज कापलं, बिया बोटाने उडवल्या.
"मिळाली उधारी?"
डेल्विनने खिशातून मेख काढून तिच्या टेबलावर ठेवली.
तिने ती उलटीसुलटी पाहिली, नखाने माती खरवडली,
उठली,
आणि वाऱ्याने दिवसभर आपटणाऱ्या आपल्या दाराखाली
पायाने सारून दिली.

अजून तिथेच आहे.
टरबुजं घ्यायला जाते तेव्हा
बुटाच्या टोकाने हलवून बघते.
हलते.
दार उघडं.